मोघम लिखाणाची किंमत

निविदेच्या गठ्ठ्यात सर्वांत जाड आणि सर्वांत कमी वाचला जाणारा भाग म्हणजे स्पेसिफिकेशन. नकाशे साइट ऑफिसच्या भिंतीवर लागतात. बाबी, परिमाणं आणि दर यांचा तक्ता, ज्याला सगळे बीओक्यू म्हणतात, त्याच्यावर मालकाचं आणि ठेकेदाराचं दोघांचंही लक्ष असतं, कारण त्यात पैसे असतात. स्पेसिफिकेशन मात्र सही-शिक्क्यापुरतं उलटलं जातं आणि कपाटात जातं. छत गळायला लागलं, काँक्रीटच्या चाचणीचे क्यूब नापास झाले किंवा अंतिम बिलावरून वाद पेटला, की मग त्याची शोधाशोध होते.

पुण्यातल्या एका सल्लागार अभियंत्यांच्या कार्यालयात मी गेली अनेक वर्षं हेच लिहिण्याचं आणि लावण्याचं काम करते. शाळा, वसतिगृहं, ग्रामीण रुग्णालयं, पाण्याच्या टाक्या. सिमेंट कोणतं, वाळू कशी, पाणी किती दिवस मारायचं, चाचणी कोणती, ती नापास झाली तर पुढे काय, हे सगळं माझ्या टेबलावर ठरतं. या कामातून माझी एक खात्री झाली आहे. मोघम लिखाणाची किंमत सर्वांत आधी प्रामाणिक ठेकेदार मोजतो, आणि त्याच्यानंतर ती इमारत वापरणारी माणसं मोजतात. हे कसं घडतं आणि ते कसं टाळता येतं, हे सविस्तर सांगावंसं वाटतं.

महाराष्ट्रात हे काम शिकणारा प्रत्येक जण सार्वजनिक बांधकाम विभागाच्या प्रमाण स्पेसिफिकेशनपासून सुरुवात करतो. त्याचे दोन खंड आहेत आणि सगळे त्यांना ‘रेड बुक’ म्हणतात. साइटवरची नोकरी सोडून मी कार्यालयात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे खंड माझ्या हातात पडले. दरसूचीतल्या बाबीखाली या पुस्तकातला क्रमांक दिलेला असतो. पायाच्या खोदाईची बाब काढली की खाली ‘बीडी.ए-१’ असा उल्लेख दिसतो. त्या क्रमांकाचं प्रकरण उघडलं की काम कसं करायचं, कसं मोजायचं आणि दरात काय काय धरलंय हे सापडतं. बाब आटोपशीर, तिचा विस्तार दुसरीकडे, आणि दोघांना बांधणारा एकच क्रमांक. ही मांडणी संगणक येण्याच्या कितीतरी आधीची आहे आणि आजही तिच्याहून सोपी युक्ती मला सापडलेली नाही.

त्या खोदाईच्या बाबीत काय असतं ते पाहण्यासारखं आहे. चार ओळींचा मजकूर. पण खोदलेली माती ५० मीटरपर्यंत नेऊन टाकणं, खड्ड्यातलं पाणी उपसणं, कडा ढासळू नयेत म्हणून फळ्या आणि टेकू लावणं, पायाचा तळ तयार करणं, नंतर बाजूंनी भराव घालून तो पाणी मारून ठोकणं, हे सगळं त्याच दरात धरलेलं असतं. यातलं पाणी उपसणं लिहायचं राहिलं तर पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचायचं थांबत नाही. ते उपसावंच लागतं. फक्त त्याचे पैसे कोणी द्यायचे, हे अधांतरी राहतं. माझ्या कामातला प्रत्येक शब्द असा पैशाला बांधलेला असतो.

मोघमपणाचा फटका कोणाला बसतो हे मला एका निविदापूर्व बैठकीत नीट उमगलं. दस्तऐवज दुसऱ्या कार्यालयाने केला होता, आम्ही फक्त तपासणीसाठी होतो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या बाबीत ‘योग्य ते क्युअरिंग व चाचणी करून, अभियंत्याच्या निर्देशानुसार पूर्ण’ एवढंच होतं. एक वयस्क ठेकेदार उभे राहिले आणि म्हणाले, “मॅडम, गच्चीवर दोन आठवडे पाणी भरून ठेवायला लावणार असाल तर तसं लिहा. मी त्याचा दर लावतो. न लिहिता नंतर सांगितलंत तर मी बुडतो. आणि सांगणारच नसाल, तर ज्याला ते करायचंच नाही तो माझ्याखाली दर भरून काम घेऊन जातो.”

यात सगळं आलं. सार्वजनिक निविदेत सहसा पात्र ठरलेल्यांपैकी सर्वांत कमी दराला काम द्यावं लागतं. समजा दोन ठेकेदार आहेत. एक ते मोघम वाक्य वाचतो, आजवर चांगली गच्ची कशी केली ते आठवतो आणि त्याप्रमाणे दर लावतो. दुसरा तेच वाक्य वाचून ठरवतो की इथे आपल्याला कोणी काही करायला लावू शकणार नाही. दुसऱ्याचा दर कमी येणार आणि काम त्यालाच मिळणार. ही निवड निविदा उघडण्याच्या दिवशी झाली असं वाटतं, पण ती त्याआधीच, ते वाक्य लिहिलं गेलं तेव्हा झालेली असते. ‘चांगल्या प्रतीचं’, ‘कुशल कारागिरांकडून’, ‘अभियंत्याच्या समाधानासाठी’, ‘आवश्यकतेनुसार’ ही सगळी याच जातीची वाक्यं. ती लिहिताना आपण अधिकार हातात ठेवला असं वाटतं. वाद लवादापुढे गेला की त्या अधिकाराला आकड्याचा आधार नाही हे कळतं.

म्हणून वॉटरप्रूफिंगची बाब मी कशी लिहिते ते जरा तपशिलात सांगते. आपल्याकडे गच्चीवर अजूनही ब्रिकबॅट कोबा चालतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत त्याची बाब पायरी-पायरीने लिहिलेली आहे आणि ती नमुना म्हणून अभ्यासावी अशी आहे. आधी स्लॅब साफ करून त्यावर सिमेंटची स्लरी, चौरस मीटरला २.७५ किलो सिमेंट, त्यात आयएस २६४५ या भारतीय मानकाप्रमाणे वॉटरप्रूफिंग कंपाउंड. त्यावर २० मिमी मॉर्टरचा थर आणि विटांचे २५ ते ११५ मिमीचे तुकडे १:५ मॉर्टरमध्ये उतार देऊन बसवायचे. हीच प्रक्रिया बाजूच्या भिंतीवर ३०० मिमी उंचीपर्यंत न्यायची आणि भिंत व स्लॅब जिथे मिळतात तो कोपरा गोल करायचा, ज्याला आपले गवंडी वाटा म्हणतात. दोन दिवस पाणी मारल्यावर स्लरीचा दुसरा हात. मग १:४ मॉर्टरचा २० मिमीचा, जोड नसलेला वरचा थर, त्यात काचतंतूचं कापड, आणि वर ३०० मिमीच्या चौकोनांच्या रेघा. शेवटी सगळी गच्ची किमान दोन आठवडे पाण्याखाली. सरासरी जाडी १२० मिमी आणि पाणी जिथून खाली उतरतं त्या तोंडाशी किमान ६५ मिमी.

ही बाब आहे तशी उचलून आपल्या निविदेत टाकली की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण खरं काम तिथून पुढे सुरू होतं. मुलींच्या एका वसतिगृहाची गच्ची माझ्यासमोर होती. उतार शंभराला एक, म्हणजे मीटरला १० मिमी, असं वास्तुविशारदाच्या टिपणीत होतं. पाण्याच्या तोंडाशी ६५ मिमी धरून ११ मीटरवर जाडी १७५ मिमी होते आणि सरासरी बरोबर १२० येते. या गच्चीत मात्र दूरचं टोक तोंडापासून १८ मीटरवर होतं. तिथे जाडी २४५ मिमी होणार आणि सरासरी १५५. म्हणजे १२० मिमी आणि शंभराला एक ही दोन्ही वाक्यं या गच्चीवर एकाच वेळी खरी ठरूच शकत नव्हती. ठेकेदाराने पहिलं पाळलं तर उतार मरतो आणि पाणी तुंबतं. दुसरं पाळलं तर जास्तीच्या जाडीचं बिल येतं, आणि संरचना अभियंत्याने न धरलेलं वजन स्लॅबवर बसतं. विटांच्या कोब्याचं १२० मिमी जाडीलाच चौरस मीटरला दोनशे किलोहून अधिक वजन होतं. मग जाडी दुप्पट झाल्यावर काय होईल?

उपाय लिखाणात नव्हता, नकाशात होता. पावसाच्या पाण्याचे नळ वाढवून कुठलाही कोपरा तोंडापासून ११ मीटरच्या आत आणायचा. वास्तुविशारद, संरचना अभियंता आणि मी एकत्र बसलो, दोन नळ वाढले, आणि त्यानंतरच बाब पक्की झाली. तिच्यासोबत गच्चीच्या उतारांचा स्वतंत्र नकाशा जोडला.

दोन आठवडे पाण्याचंही असंच आहे. उतार दिलेल्या गच्चीवर पाणी सोडलं की ते तोंडाशी जमतं आणि दूरचं टोक कोरडं राहतं. म्हणून गच्चीचे भाग पाडून कमी सिमेंटच्या मॉर्टरची आळी करायची, आणि प्रत्येक भागात सर्वांत उंच जागीही पाणी दिसलं पाहिजे, असं लिहावं लागतं. हे काम बहुतेक वेळा पावसाळ्यापूर्वी, ऐन एप्रिल-मेमध्ये येतं. मराठवाड्यातल्या कामावर त्या दिवसांत पाणी म्हणजे टँकर. टँकरचा खर्च दरात धरलाय की मालक पाणी देणार, हे एका वाक्यात स्पष्ट केलं नाही, तर चाचणी दोन आठवड्यांवरून दोन दिवसांवर येते. कोणी मुद्दाम लबाडी करतं असं नाही. न लिहिलेला खर्च कोणालाच करायचा नसतो. दहा वर्षांची हमी मुद्रांक कागदावर लिहून घेण्याची आपल्याकडे रीत आहे आणि ती हवीच. पण कोरड्या राहिलेल्या टोकाची खरी परीक्षा मग पावसाळ्यात, खोलीत राहणाऱ्या मुलींच्या डोक्यावर होते.

आता मांडणीबद्दल. माझ्या कामातला अर्धा वेळ लिहिण्यात जातो आणि अर्धा वेळ कुठली गोष्ट कुठे ठेवायची हे ठरवण्यात. नियम एकच आहे: एक गोष्ट एकाच जागी. जागा, आकार आणि मापं नकाशात. दर्जा, रीत आणि चाचणी स्पेसिफिकेशनमध्ये. परिमाण आणि पैसे बीओक्यूमध्ये. हा नियम ऐकायला सोपा आहे. पाळायला अवघड, कारण प्रत्येकाला आपली गोष्ट ‘खबरदारी म्हणून’ दुसऱ्या ठिकाणीही लिहावीशी वाटते. दोन ठिकाणी लिहिलेली गोष्ट आज सारखी असते. सहा महिन्यांनी एका ठिकाणी बदल होतो, दुसरीकडे राहून जातो, आणि वादाला जागा मिळते.

कोकण किनाऱ्यावरच्या एका शाळेची कागदपत्रं तपासायला आली होती. आयएस ४५६ : २००० प्रमाणे किनाऱ्याच्या हवेतलं काँक्रीट ‘सिव्हिअर’ वर्गात येतं. त्या वर्गाला किमान एम ३० काँक्रीट लागतं, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, पाणी-सिमेंटचं गुणोत्तर ०.४५ च्या आत आणि सळईवर ४५ मिमी कव्हर. स्पेसिफिकेशनमध्ये हे सगळं बरोबर होतं. संरचनेच्या नकाशावरच्या टिपणीत कॉलमचं कव्हर ४० मिमी होतं. बीओक्यूमध्ये काँक्रीटची बाब एम २५ ची होती. तीन कागद तीन माणसांनी केले होते आणि प्रत्येकाने आपापलं काम मन लावून केलं होतं.

अशा वेळी कुठला कागद खरा मानायचा हे करारातल्या प्राधान्यक्रमावर ठरतं, आणि हा क्रम सगळीकडे सारखा नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारात सर्वांत वर बीओक्यूमधलं बाबीचं वर्णन. त्यानंतर त्या कामापुरती विशेष स्पेसिफिकेशन आणि विशेष अटी, मग नकाशे, मग विभागाची प्रमाण स्पेसिफिकेशन आणि शेवटी भारतीय मानकं. फिडिक या आंतरराष्ट्रीय अभियंता संघटनेच्या १९९९ च्या नमुना करारात, ज्यालाही लाल पुस्तक म्हणतात, स्पेसिफिकेशन नकाशांच्या वर आहे आणि परिमाणांचे तक्ते त्यांच्याही खाली. म्हणजे त्या शाळेचे तेच तीन कागद एका करारात एम २५ ची इमारत देतात आणि दुसऱ्यात एम ३० ची. खाऱ्या वाऱ्याला मात्र प्राधान्यक्रम माहीत नसतो. तो कव्हरमधून आत शिरतो, सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटला ढकलून बाहेर काढते. किनाऱ्यावरच्या कितीतरी इमारतींच्या बीमखाली उघड्या पडलेल्या सळया दिसतात, त्या अशाच. ती कागदपत्रं आम्ही दुरुस्तीसाठी परत पाठवली. तेव्हापासून माझ्याकडे एक तक्ता असतो. काँक्रीटची प्रत, कव्हर, लॅपची लांबी, विटेची ताकद अशी प्रत्येक कळीची माहिती कुठे राहणार हे त्यात लिहिलेलं असतं, आणि बाकीच्या ठिकाणी फक्त तिकडे बोट दाखवायचं.

प्रकरणांची रचना कशी असावी याचा अमेरिकेतल्या कन्स्ट्रक्शन स्पेसिफिकेशन्स इन्स्टिट्यूटने फार बारकाईने विचार केला आहे. त्यांच्या मास्टरफॉरमॅटमध्ये पूर्वी १६ विभाग होते, २००४ मध्ये ते ५० झाले. प्रत्येक प्रकरणाचे तीन भाग असतात: सर्वसाधारण बाबी, साहित्य आणि प्रत्यक्ष काम. परदेशी मालकांच्या कामांमुळे ही पद्धत आपल्याकडच्या काही कार्यालयांतही आली. मी ती वापरते, पण तिला चौथा भाग जोडते, मोजमाप आणि दराचा. आपल्याकडे बहुतेक कामांचं बिल बाबवार मोजून होतं, त्यामुळे या भागाशिवाय भागत नाही. आयएस १२०० मध्ये मोजमापाचे नियम आहेत. उदाहरणार्थ गिलाव्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करायची नाही. त्याहून मोठी, ३ चौरस मीटरपर्यंतची जागा असेल आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल, तर एकाच बाजूची वजावट करायची आणि खिडकीच्या आतल्या कडांचा गिलावा वेगळा मोजायचा नाही. हे नीट लिहिलं तर मोजमाप पुस्तिका भरताना ज्युनिअर इंजिनिअर आणि ठेकेदाराचा माणूस हुज्जत न घालता टेप धरून पुढे जातात.

स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्याने आपण कशाची जबाबदारी घेतोय हेही ओळखावं लागतं. काँक्रीटचंच पाहा. आयएस ४५६ प्रमाणे ठरावीक प्रमाणाचं, म्हणजे नॉमिनल मिक्स काँक्रीट एम २० पर्यंतच चालतं. त्यावरच्या प्रतीसाठी डिझाइन मिक्स लागतं. त्यात मी प्रत सांगायची, किमान सिमेंट, पाण्याची वरची मर्यादा आणि स्लम्प सांगायचा, आणि मिश्रण ठरवून ते सिद्ध करण्याचं काम ठेकेदाराचं. पण काही दस्तऐवजांत प्रतही दिलेली असते आणि सिमेंटच्या पिशव्या, वाळू, खडी यांची नेमकी मापंही. मग २८ दिवसांचे क्यूब नापास झाले की ठेकेदार म्हणतो, “तुम्ही सांगितलेलंच प्रमाण वापरलं.” त्याचं म्हणणं बरोबर असतं. एकतर निकाल मागावा, नाहीतर रीत सांगावी. दोन्हींवर हक्क सांगितला की जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

मानकांच्या तारखांकडे माझं विशेष लक्ष असतं. ४३ आणि ५३ ग्रेडच्या सिमेंटची स्वतंत्र मानकं, आयएस ८११२ आणि आयएस १२२६९, ही २०१५ मध्ये आयएस २६९ मध्ये सामावली गेली. तरी त्यानंतरही कितीतरी निविदांत जुने क्रमांक तसेच चालत आले. आयएस ३८३ मध्ये नैसर्गिक वाळूसोबत दगड फोडून केलेली वाळूही बसते. महाराष्ट्रात नदीच्या वाळूची चणचण आणि तिच्या उपशावरचे निर्बंध पाहता ही तरतूद फार महत्त्वाची आहे. आपल्या साइटवर आज बहुतेक ठिकाणी क्रश सँडच येते. असं असताना जुन्या मजकुरातलं ‘नदीची स्वच्छ वाळू’ तसंच ठेवलं तर काय होतं? पहिल्या दिवसापासून काम कराराबाहेर चालतं, सगळ्यांना ते माहीत असतं आणि सगळे गप्प असतात. एकदा एका वाक्याकडे काणाडोळा झाला की पुढच्या वाक्यांचाही धाक राहत नाही. क्रश सँड घ्या, पण तिचा झोन कोणता, ७५ मायक्रॉनच्या चाळणीखालची भुकटी किती चालेल, तपासणी किती मालामागे एकदा, हे लिहा.

जुना दस्तऐवज उघडून नाव बदलायचं आणि पुढे पाठवायचं, या सवयीने आपल्या क्षेत्राचं मोठं नुकसान केलं आहे. काळ्या पाषाणावर उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या दस्तऐवजात पाइल फाउंडेशनचं लांबलचक प्रकरण मी पाहिलं आहे. जिथे लादीच नाही तिथे लादीच्या पॉलिशचे नियम पाहिले आहेत. लोक म्हणतात, जास्तीचं असलं तर बिघडलं काय? बिघडतं. ठेकेदाराच्या कार्यालयात दर भरणाऱ्या माणसाला चार दिवस मिळतात. अर्धा मजकूर आपल्या कामाचा नाही हे कळलं की तो उरलेला अर्धाही वाचत नाही. कामाला लागू नसलेलं प्रत्येक पान लागू असलेल्या पानाला झाकतं.

‘किंवा समतुल्य’ या शब्दांनाही आकड्यांचा आधार द्यावा लागतो. सरकारी कामात एकाच कंपनीचं नाव लिहिणं टाळायचं असतं, ते योग्यच आहे. पण मग समतुल्य म्हणजे कशात समतुल्य? व्हिट्रिफाइड टाइलसाठी आयएस १५६२२ आणि पाण्याचं शोषण ०.०८ टक्क्यांपेक्षा कमी, असं लिहिलं की दुकानदाराचा कागद आणि प्रयोगशाळेचा अहवाल समोर ठेवून निर्णय होतो. नुसतं ‘नामांकित कंपनीची’ लिहिलं की निर्णय त्या दिवशी टेबलापलीकडे बसलेल्या माणसाच्या मर्जीवर जातो. चाचण्यांचा खर्च कोणाचा, नमुने कोणासमोर काढायचे, निकाल येईपर्यंत माल वापरायचा की नाही, हेही त्याच प्रकरणात यायला हवं.

शेवटचा टप्पा मला सर्वांत जवळचा वाटतो. हा सगळा दस्तऐवज इंग्रजीत असतो. काम करणारा मुकादम नांदेडचा असतो, सेंट्रिंगवाले बिहार-झारखंडचे, गवंडी कधी विजापूरकडचे. त्यांच्यापर्यंत यातलं एक अक्षरही पोहोचत नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या बाबीसाठी मी एका पानाचा तक्ता करते, मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरात. स्लॅबच्या तक्त्यावर लिहिलेलं असतं: कव्हर ब्लॉक किती मिमीचे, काँक्रीट दीड मीटरपेक्षा उंचावरून टाकायचं नाही, प्रत्येक पाळीत क्यूबचा किमान एक नमुना, पाणी किती दिवस, टेकू कधी काढायचे. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी, पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १०, आणि कोरड्या कडक उन्हात १४ पर्यंत न्यावं. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस. हे सगळं आयएस ४५६ मधलंच आहे, नवीन काही नाही. पण साइटवरच्या पत्र्याच्या खोलीबाहेर हा तक्ता लागला की मुकादम स्वतःहून विचारतो, “मॅडम, हे सिमेंट पीपीसी आहे, मग पाणी दहा दिवस ना?” कराराच्या भाषेत या तक्त्याला काही वजन नाही, आणि तसं त्यावर स्पष्ट छापलेलं असतं. पण गच्चीवर पाइप धरणाऱ्या माणसापर्यंत पोहोचणारं स्पेसिफिकेशन तेवढंच.

नव्याने हे काम शिकणाऱ्या मुलामुलींना मी काही गोष्टी आवर्जून सांगते. कार्यालयात बसण्याआधी वर्ष-दोन वर्षं साइट करा. ज्या वाक्यावर दर लावता येत नाही किंवा जे तपासता येत नाही ते काढून टाका. लिहून झालं की तो मजकूर एखाद्या ठेकेदाराच्या नजरेतून वाचा, मग मोजमाप घेणाऱ्याच्या, आणि मग दहा वर्षांनी गळती शोधायला आलेल्या माणसाच्या. निविदापूर्व बैठकीत आलेला प्रत्येक प्रश्न लिहून ठेवा. तो प्रश्न म्हणजे आपल्या लिखाणातली फट असते, आणि ती त्या वेळी बुजवायला एक शुद्धिपत्रक पुरतं. पुढे तीच फट बुजवायला लवाद लागतो.

मालकांना आणि सरकारी कार्यालयांना माझी विनंती आहे. नकाशांना तुम्ही महिने देता, तेवढा नाही तरी पुरेसा वेळ स्पेसिफिकेशनला द्या. निविदा काढण्याच्या आदल्या आठवड्यात जुन्या फाइलवरून ते उतरवून मागू नका. आपल्या शाळांची छतं, रुग्णालयांच्या भिंती, वसतिगृहांच्या गच्च्या कशा टिकतात, हे मोठ्या प्रमाणात त्या न वाचलेल्या पानांवर ठरतं. चांगलं काम करू इच्छिणारे ठेकेदार आपल्याकडे आजही पुष्कळ आहेत. त्यांना दर भरण्याजोगं स्पष्ट लिहून देणं, एवढं तरी आपण केलंच पाहिजे.